दहावं पाकीट

कासू, सोमवार, ८ डिसेंबर २०२५

ज्युडिथ,

तुझं पत्र पोचलं. सहा वर्षांनी. पोस्टमननं पाकीट हातात देताना विचारलं, "परदेशात कोन हाय रं तुजा?" मी म्हणालो, बहीण होती. 'होती' तोंडातून गेलं आणि मग जीभ चावली. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास तेव्हा तूही मला 'होता'च करून टाकलंस, म्हणजे फिट्टंफाट झाली. बरं झालं पत्र लिहिलंस. पत्राला ब्लॉक करता येत नाही. हे मी स्पीड पोस्टानं टाकतोय.

डॅनियल येतोय हे वाचून आनंद झाला, उगाच तोंड वाकडं कशाला करू? तुम्ही गेलात तेव्हा सात वर्षांचा होता. माझ्या दुकानात बसून पंक्चरच्या सोल्युशनचा वास घ्यायचा आणि तू ओरडायचीस. आता म्हणे तो पाहुण्यांना सायकलवरून द्राक्षांच्या मळ्यांतून फिरवतो. फोटो पाहिला. डोंगर, खाली नदी, उतारावर द्राक्षांच्या ओळी, आणि हेल्मेट घातलेली वीसेक माणसं घाम पुसत हसताहेत. लोक हौसेनं चढ चढतात हे बघून मला माझीच कीव आली. मी चाळीस वर्षं चढतोय, कुणी फोटो काढला नाही.

तो पेणपासून रोह्यापर्यंत सायकलनं जाणार, वाटेत त्या दहा जणांच्या दारात थांबणार आणि प्रत्येकाला तुमच्या मळ्यातल्या मनुकांचं एक पाकीट देणार. आईच्या कद्दीशला उभे राहिले म्हणून तुझे आभार. कल्पना चांगली आहे. तुझ्या कल्पना चांगल्याच असतात, जरा उशिरा येतात एवढंच.

तू विचारतेस, खरंच दहा होते ना? होते. दहाच्या दहा. मेलेल्या माणसामागची ही कद्दीशची प्रार्थना दहा यहुदी पुरुष असल्याशिवाय म्हणायची नाही, हा नियम ज्यानं केला त्याला कोकणात राहायचं नव्हतं. बाबांच्या वेळी आठच जमले आणि कद्दीश राहूनच गेला. तेव्हापासून आई बोटांवर आपली माणसं मोजायची, पेणची, नागोठण्याची, रोह्याची. कुणी इस्राएलला गेला, कुणी ठाण्याला गेला, की म्हणायची, आणखी एक बोट मिटलं. तू गेलीस तेव्हा बोट मिटलं नाही, कारण दहात बायका धरत नाहीत. पण दोन दिवस जेवली नव्हती ती.

"माझ्या वेळी दहा जमव रे बाबा," एवढंच तिचं मागणं होतं. मी शब्द दिला होता आणि तो पाळला. त्या शुक्रवारी तिचा हात माझ्या हातात होता, हे मी तुला तेव्हाच फोनवर सांगितलं. तू कुठं होतीस तेही सांगितलं. पुन्हा लिहीत नाही. तुमच्याकडं द्राक्षं तोडणीला आली होती. असो.

नावांची घाई नको. मी डॅनियलबरोबर असेन, दारं मीच दाखवीन.

तिकडचं सगळं टीव्हीवर बघत होतो. सायरन वाजतात, माणसं पळतात. ठाण्याच्या लोकांना विचारून तू ठीक आहेस एवढं कळून घ्यायचो. विचारलं हे तुला कळू नये म्हणून त्यांना बजावायचो.

इझिकेल


कासू, रविवार, १८ जानेवारी २०२६

ज्युडिथ,

पोचला. हे पत्र पोस्टात टाकत नाही, तो पुढच्या रविवारी निघेल तेव्हा त्याच्याच हाती देईन.

खोक्यातून सायकल काढून त्यानं अर्ध्या तासात जोडली. मी शेजारी उभा राहून एकही चूक काढू शकलो नाही, यावरून समज. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना पिशव्या, त्यात दहा पाकिटं. आणि मराठी बोलतो ते थेट तुझं, वीस वर्षांपूर्वीचं. "मामा, तुम्ही मला लाजवू नका," असं म्हणाला. आता इथंही असं कुणी बोलत नाही.

धोंडुबाईनं त्याला बघितलं आणि पहिलं वाक्य: "यो तर आज्याच्या वलनावर गेला." तिला आठवतेस तू. आपली भिंत ती तिची भिंत, अजूनही मधे एकच वीट आहे. मिठागरावर जाणं आता बंद झालंय, पायांना भेगा पडून पडून पाऊलच टेकत नाही तिचं. हरेश नागोठण्याला कंपनीत आहे, शिफ्ट संपली की आईचे पाय गरम पाण्यात धरतो. मी बघतो आणि घरात येतो.

डॅनियलनं विचारलं, इथं द्राक्षं का नाहीत? उतार आहे, नदी आहे. मी म्हटलं, तुझ्या आईनं एक फांदी पाठवली होती, तुझ्या आजीनं विहिरीशी लावली. पानं आली भरपूर. द्राक्ष एकही नाही. आजी पावसाला शिव्या द्यायची आणि शुक्रवारी शब्बाथच्या प्रार्थनेला लागणाऱ्या प्याल्यासाठी दुकानातल्या मनुका भिजत घालायची. "मनुकांचं सरबत म्हणजेच आमची वाइन," असं मी म्हटलं. तो म्हणाला, आई अजून तसंच करते, आजूबाजूला हजार बाटल्या असून. हे मला माहीत नव्हतं.

उद्या पेण, परवा विसावा, मग भिसे खिंडीतून रोहा. त्याला यादी हवी होती. मी नऊ नावं लिहून दिली, पहिलं माझंच. "दहावं?" म्हणाला. मी म्हटलं, दहावा वाटेत भेटेल.

इझिकेल


कासू, मंगळवार, २० जानेवारी २०२६, सकाळ

ज्युडिथ,

काल पेण झालं. तू जी दहा माणसं डोळ्यांसमोर ठेवून पाकिटं बांधलीस ती तशी राहिलेली नाहीत, हे मी आधी कळवायला हवं होतं. नवातले चार वारले. दोघं गेले, एक ठाण्याला आणि एक तर तुझ्याच गावापासून तासाभरावर. रोह्यात दोन आहेत. आणि मी. तिघं उरलो.

रामवाडीत रूबेनकाकांच्या घराला कुलूप. शेजारी गणपतीचा कारखाना, रंग न दिलेल्या मूर्ती ओळीनं बसलेल्या. तिथली नमिता बाहेर आली, हातांना पांढरी माती. म्हणाली, "काका दुसऱ्या लाटेत गेले ना. चार मानसं पन नव्हती. पोरगा नेऊन आला परस्पर." आईच्या वेळी कद्दीशला सुरुवात ज्यांनी केली, त्यांच्या स्वतःच्या वेळी चार माणसं नव्हती. डॅनियलनं पाकीट काढलं आणि कडीला अडकवलं. मी म्हटलं, माकडं खातील. तो म्हणाला, खाऊ देत.

मी त्या पायरीवर बसलो आणि मला उठवेना. डॅनियलनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, हायवेची धूळ डोळ्यांत गेली. पंधरा वर्षं तो रस्ता करताहेत, एवढा तरी उपयोग व्हावा त्याचा.

वडखळला चहा घेताना त्यानं पुन्हा यादी काढली. पोरगा चिवट आहे, आजीवर गेलाय. मग मी सांगून टाकलं, आणि त्याला सांगितलं तर तुलाही सांगायला हवं.

दहावा हरेश होता. आपला हरेश, धोंडुबाईचा.

असं झालं की मी नऊ जमवले. दहावा रोह्याचा, तो पुण्याला डॉक्टरकडं तपासून घ्यायला गेलेला. शुक्रवार, ३० ऑगस्ट, तीन दिवसांवर गणपती, वडखळपासून गाड्यांची रांग, आणि संध्याकाळी दिवा लागला की शब्बाथ, मग रविवारपर्यंत माती देता येणार नाही. आईला रोह्याच्या कब्रस्तानात नेणारा टेम्पोच भिसे खिंडीत दोन तास अडकला होता. सूर्य डोंगराला टेकला. नऊ जण एकमेकांचं तोंड बघताहेत. हरेश खांदा देऊन घामाघूम बाजूला उभा होता. मी खिशातली जादा टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. म्हटलं, फक्त आमेन म्हण. रूबेनकाकांनी पाहिलं. त्यांनी हरेशला लंगोटीत खेळताना पाहिलेलं, त्यांना काय कळत नव्हतं? एक क्षण थांबले आणि सुरू केलं. आमेन सगळ्यांत मोठ्यानं हरेशचंच होतं.

तुमच्याकडं आता सगळं फार कडक झालंय असं ऐकतो. तेव्हा तुझ्या हिशोबी आईचा कद्दीश झालाच नसेल. माझ्या हिशोबी झाला. शिव्या द्यायच्या तर मला दे, त्याला नको. त्यानं सहा वर्षांत कधी विषय काढला नाही.

डॅनियल मात्र हसला. म्हणाला, "मग दहावं पाकीट हरेशमामांचं. एवढंच ना?" मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, चला, सुटलो.

आज संध्याकाळी त्याला पाकीट देतो. उद्या रोहा.

इझिकेल


रोहा, बुधवार, २१ जानेवारी २०२६

ज्युडिथ,

आईला भेटून आलो. डॅनियलनं दगड ठेवला, गवत उपटलं, कद्दीश म्हटला. दहा नव्हते. रोह्याचे दोघं, तो आणि मी, चार होतो. तो म्हणाला, आज कोण मोजतंय?

रस्ता छान झाला. नागोठण्यात पाकीट ज्यांचं होतं त्यांच्या सुनेनं घेतलं, रडली, आणि आम्हाला वालाचं बिरडं खाऊ घातलं. भिसे खिंडीचा चढ मी अर्धा चालत चढलो. तुझा मुलगा पुढं जाऊन थांबायचा, पण मागं वळून बघायचा नाही. खिंड उतरल्यावर खोरं दिसतं, कुंडलिका, दोन्ही बाजूंना डोंगर, भाताची खाचरं मोकळी पडलेली, मधे वालाचे हिरवे तुकडे. मी म्हटलं, बघ, तुझ्या द्राक्षांच्या खोऱ्यापेक्षा काय वाईट आहे? नाहीतर म्हणशील, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. तो बाटली काढून पाणी प्यायला. एरवी तो प्रत्येक ओढ्याचं नाव विचारतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. काल हरेशकडं पाकीट द्यायला गेलो तेव्हा धोंडुबाई तिथंच बसली होती. ती आता म्हातारी झाली आहे. पंचाऐंशी तरी असेल. माणसं मिसळतात तिच्या डोक्यात, दिवस मिसळतात. ती डॅनियलला काहीबाही बोलली. तो तुला काही सांगेल तर मनावर घेऊ नकोस. म्हातारं माणूस आहे.

हरेशनं पाकीट घेतलं नाही. म्हणाला, माझं नको, आईला द्या. पाकीट अजून डॅनियलच्या पिशवीतच आहे.

मी वर जे धोंडुबाईविषयी लिहिलं ते आत्ता पुन्हा वाचलं. तिचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. गेल्या आठवड्यात तिनं मला मागच्या वर्षी तिच्याकडून उसन्या नेलेल्या फावड्याची आठवण करून दिली. खोडायचं होतं, पण खोडलं तरी तू वाचणारच, लहानपणी उजेडाला धरून वाचायचीस तशी.

खिंडीच्या माथ्यावर डॅनियल म्हणाला, "मामा, मी आईला काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. मी रविवारी जातो." आणि उतारावर सोडून दिली सायकल.

इझिकेल


कासू, शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

प्रिय ज्युडी,

आधीची तीन पत्रं फाडून एकच चांगलं लिहावं असं वाटलं होतं. पण राहू दे ती. माणूस किती वळणं घेतो ते तुलाही दिसू दे.

मी आईजवळ नव्हतो.

एवढंच वाक्य लिहून उठलो होतो, विहिरीवर जाऊन आलो. आता सगळं सांगतो.

गुरुवारी डॉक्टर म्हणाले, उद्याचा दिवस काढला तर खूप. शुक्रवारी पहाटे आईनं डोळे उघडले आणि विचारलं, "दहा झाले का?" मी म्हटलं, फोन करतो सगळ्यांना. तुला ठाऊक आहे, आपले लोक फोनवर हो म्हणतात आणि येत नाहीत. दारात येऊन माणूस उभा राहिला की मग चपला घालतात. आई म्हणाली, "जा, जमव." रस्ता गणपतीच्या गाड्यांनी तुंबलेला, सायकलच काय ती जाणार. हे सगळं खरं आहे. हेच मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो.

पण हरेश दारात उभा होता. रात्रपाळी करून आलेला, अंघोळसुद्धा झाली नव्हती. तो म्हणाला, "इझ्या, तू बस आयशीजवल. नावं लिवून दे, मी जातू." मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही येणार ते. ज्युडी, आले असते. पेण ते रोहा त्याला सगळे ओळखतात, सगळ्यांच्या घरी मीठ त्यांच्याकडनं जायचं.

मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. तिच्या छातीत घुरघुर चालायची, थांबायची, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत माझाही श्वास थांबायचा. चार दिवस ते ऐकत होतो. दहा माणसांचं निमित्त मिळालं आणि मी सायकल काढली. वडखळपर्यंत पाऊस अंगावर घेत गेलो आणि मला बरं वाटत होतं. हे कुणाला सांगितलं नाही, देवालासुद्धा नाही.

साडेसातला रामवाडीत रूबेनकाकांकडं पोचलो. ते तयार व्हायला आत गेले. काकूंनी घावनं वाढली. मी खाल्ली. भूक लागली होती, ज्युडी, आणि गरम होती ती. दुसरं घावन खाताना फोन वाजला. हरेशचं नाव. मला वाटलं, संपलं. आता उचलला तर ते खरं होईल, चहा होईपर्यंत तरी खरं नको. मी फोन पालथा ठेवला. काकू म्हणाल्या, उचल ना रे. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे.

तीनदा वाजला. पूर्ण वाजला तीनही वेळा.

मग आणखी दोन घरं केली, त्यांना रोह्याच्या गाडीची वेळ सांगितली आणि नऊ वाजता परतीच्या वाटेवर मी फोन केला. हरेश म्हणाला, "गेली. आठला गेली."

म्हणजे पहिला फोन आला तेव्हा ती होती. एवढं मला त्याच दिवशी कळलं आणि मी पुढं विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी माती देऊन आलो, तुला फोन लावला, आणि तू रडत म्हणालीस, मला थांबायला हवं होतं रे तिच्यासाठी. तेव्हा मी उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझी द्राक्षं, तुझा मळा, मी तिचा हात धरून बसलो होतो आणि तू कुठं होतीस? मला कुणीतरी हवं होतं ओरडायला. स्वतःवर किती ओरडणार?

बाकीचं मंगळवारी कळलं, डॅनियलबरोबरच. तो धोंडुबाईला पाकीट द्यायला वाकला आणि तिनं त्याचा हात धरून ठेवला. ती जशी बोलली तसं लिहितो.

"तुजी आजी शुद्धीवर व्हती रं पोरा. मना म्हनाली, इझ्या कुठं हाय? मी हरेशला बोल्ली, लाव फोन. त्यानी लावला. मी फोन तिच्या कानाला धरला. ती आयकत व्हती. ट्रिंग, ट्रिंग. बोल्ली, उचलत नाय गो. मी बोल्ली, सायकलवर हाय तो, आयकाया येत नसंल. दुसऱ्यान्दा लावला. तिसऱ्यान्दा लावला. मंग तिनी मान हलवली, बास."

मी तिथंच उभा होतो. मी पेणमध्ये घावन खात होतो तेव्हा ती माझा फोन वाजताना ऐकत होती.

डॅनियलनं विचारलं, मग काय झालं, आजी? धोंडुबाई म्हणाली, "मंग काय, तिची वेल झाली. तुमच्यात त्या वक्ताला कानात बोलतात ना, ता मना म्हायती. चाळीस वरसां भिंतीपलीकडशी रोज रात्री आयकते मी. अर्थ नाय म्हायती, पन शबूद म्हायती." आणि तिनं म्हणून दाखवलं. शेमा इस्राएल, सगळं, मधले दोन शब्द तिच्या पद्धतीनं वळवून, पण सगळं. मिठानं फाटलेला तिचा हात तिनं डॅनियलच्या डोळ्यांवर ठेवला होता, आई आपल्या डोळ्यांवर ठेवायची तसा. "मी तिच्या कानात बोल्ली. शेवटचा शबूद मना आठवना, तं तिनीच बोल्ली. मंग गेली."

डॅनियल तिच्या पायांशी बसून रडला. मी रडलो नाही. मी पाकीट पुन्हा पिशवीत घातलं आणि उद्या लवकर निघायचंय असं काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवशी रोह्याहून तुला लिहिलं की ती म्हातारी झाली आहे.

आता एक गोष्ट सांगायची राहते आणि ती फक्त तुझी आहे. गुरुवारी संध्याकाळी तुझा फोन आला होता, आठवतं? मी तिच्या कानाला लावला. तू म्हणालीस, विमानाचं बघते, शनिवारनंतर येते. आई तुला म्हणाली, "मनुका भिजत घातल्यास का? उद्या शुक्रवार." त्यानंतर ती माझ्याशी जे बोलली ते सगळं मोजणीचं. किती झाले, कोण येणार, जा, जमव. आपल्या माणसाशी आई म्हणून शेवटचं बोलली ती तुझ्याशी. चार हजार किलोमीटरवरून तू फोनवर होतीस. मी तेरा किलोमीटरवर होतो आणि नव्हतो.

सहा वर्षं तू माझं खोटं अंगावर घेऊन राहिलीस. डॅनियल म्हणाला, तेव्हापासून तू तोडणीच्या दिवसांत मळ्यात पाऊल ठेवत नाहीस. ते ऐकून मला कळलं मी काय केलं. माफ कर असं लिहिताना हात थांबतो, कारण माफ केलंस तरी तुझी ती सहा वर्षं परत कुठून आणू? तरी लिहितो. माफ कर.

आज सकाळी मी दहावं पाकीट घेऊन भिंतीपलीकडं गेलो. एकटाच. धोंडुबाईला म्हटलं, हे ज्युडीनं पाठवलंय, तुझ्यासाठी. तिला पाठवायचं होतं ते तुलाच, फक्त तिला ठाऊक नव्हतं. तिनं मनुका हुंगल्या, एक तोंडात टाकली, म्हणाली, "ग्वाड हाईत." आणि लगेच अर्ध्या मनुका पातेल्यात भिजत घातल्या. म्हणाली, आज शुक्रवार ना? तुझी आय चार तास भिजवायची, मंग हातानी कुस्करायची, मंग फडक्यातनं गालायची. मला हे येत नाही. आई गेल्यापासून आपल्या घरात शुक्रवारी तो प्याला भरलेला नाही.

आज भरू. प्याल्यावरची प्रार्थना डॅनियल म्हणणार आहे. हरेशची दिवसपाळी आहे, तो पाचला येईल.

धोंडुबाई दोनदा विचारून गेली, "ज्युडी येनार हाय का?" मी म्हटलं, माहीत नाही, आधी पत्र वाचू दे.

डॅनियलला मी एक सांगून ठेवलंय. माझ्या वेळी कुणी सायकल काढून दहा जण गोळा करत हिंडायचं नाही. आता ते जमणारही नाहीत. इथं जो असेल तो जवळ बसेल, बहुतेक हरेशच. तेव्हा तो तुला फोन लावील. नंबर माझाच असेल, ज्युडी. तेवढा ब्लॉक काढून ठेव, आणि वाजला की उचल.

तुझा दादा,
इझी